गुलाबी शिंगांचं प्रकरण

गुन्ह्यांवरच्या माहितीपटांचा एक ठरलेला थाट असतो. ड्रोनमधून दिसणारं गाव, मागे घुमणारं संगीत, खुर्चीत बसलेला साक्षीदार आणि त्याचं बोलणं संपलं तरी त्याच्यावरून न हटणारा कॅमेरा. त्या शांततेत भलाभला माणूस संशयित दिसू लागतो. हाच थाट एखाद्या फालतू भानगडीला चढवला की झाली मॉक्युमेंटरी. २०१७ साली नेटफ्लिक्सवर ‘अमेरिकन व्हँडल’ नावाची अशी मालिका आली होती. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत शिक्षकांच्या २७ गाड्यांवर कुणीतरी अश्लील चित्रं काढतं आणि शाळेतलीच पोरं, जणू खूनच झालाय अशा गांभीर्यानं तपासाला लागतात.

माझ्या भाच्यानं ती पाहिली आणि तशीच एक काढायची ठरवली. गुन्हा शोधायला त्याला गावाबाहेर जावं लागलं नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाचा खांदा शेकतात, त्याला हळद-लोणी लावतात आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असं रीतसर निमंत्रण देतात. सरपंचांच्या बैलानंही आवतन घेतलं. सकाळी पाहावं तर त्याची दोन्ही शिंगं गुलाबी! ऑइल पेंट, तोही घट्ट. मागच्या निवडणुकीत विरोधी पॅनलनं वाटलेली पत्रकं नेमकी गुलाबी होती. त्यामुळे हे नुसतं रंगकाम राहिलं नाही.

आरोपी शोधायची वेळच आली नाही, तो गावानं आधीच ठरवून ठेवलेला होता. प्रत्येक गावात असा एक पोट्टा असतोच. मोटारीचा फ्यूज उडाला, कुणाच्या वावरातली संत्री गेली, शाळेची घंटा अवेळी वाजली, की नाव त्याचंच. भाच्यानं आणि त्याच्या दोस्तांनी मोबाईल ट्रायपॉडवर लावला, ग्रामपंचायतीतली प्लास्टिकची खुर्ची आणली आणि एकेकाला बसवायला सुरुवात केली.

“तुमी पाह्यलं काय त्याले?”

“पाह्यलं नाई. पन त्याच्याबिगर कोन करन?”

पानठेलेवाल्यापासून भजनी मंडळापर्यंत बहुतेकांचं उत्तर हेच. चावडीवर हे वाक्य रोज कानावर पडतं आणि रोज खपून जातं. कॅमेऱ्यासमोर त्याच्यानंतर चार-पाच सेकंद कुणी काही बोललं नाही, की बोलणाराच खुर्चीत चुळबुळ करू लागतो. एक काकाजी तर स्वतःहूनच म्हणाले, “म्हंजे… तसं म्या काई म्हनत नाई.” हसवायला काढलेल्या चित्रीकरणात मला हे सगळ्यात कामाचं वाटलं. १८७२ च्या पुरावा कायद्याचं ५४ वं कलम सांगायचं की, आरोपीचं चारित्र्य वाईट आहे एवढ्यावरून त्यानं गुन्हा केला असं धरायचं नाही, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या कायद्यातही ते तत्त्व कायम आहे. आमच्या पारावर ते अजून पोचायचं आहे.

सगळ्यात बहार आणली पोलीस पाटलांनी. पोरांना पंचनामा हवा होता. पाटील आधी ‘जा बे, पोट्टेहो’ म्हणाले, मग चष्मा लावला आणि सांगू लागले: “घटनास्थळ हे फिर्यादीचे राहते घरालगतचा टिनाचा कोठा असून, त्याचे पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस फिर्यादीचे घर, दक्षिणेस उकिरडा व उत्तरेस पडीत जागा आहे. सदर बैल रंगाने पांढरा असून दोन्ही शिंगे शाबूत आहेत व त्यांस गुलाबी तैलरंग लावलेला दिसून येतो. अंगावर इतर खुणा नाहीत.” एकदाही अडखळले नाहीत. घरी वऱ्हाडीशिवाय एक शब्द न बोलणारा हा माणूस खुर्चीत बसताच ‘सदर’ आणि ‘लगतचा’ कुठून काढतो, कोण जाणे! बैल मागे उभा राहून तुरीचं कुटार खात होता. पोरांनी ते तसंच ठेवलं. शहाणपण केलं.

घटना पुन्हा करून दाखवण्याचा देखावाही झाला. खऱ्या गुन्ह्यांच्या माहितीपटांत ही चाल रुजवली ती एरल मॉरिसनं. १९८८ च्या ‘द थिन ब्लू लाइन’मध्ये हवेत उडालेला मिल्कशेकचा पेला संथ गतीनं खाली येतो. त्या चित्रपटानं उभ्या केलेल्या प्रश्नांमुळे पुढच्याच वर्षी रँडल अ‍ॅडम्स नावाचा निरपराध माणूस तुरुंगातून सुटला. आमच्याकडे संथ गतीनं पडला तो रंगाचा ब्रश, पण कोठ्याच्या दारातच. कारण ब्रश धरलेला पोरगा पुढे पाऊल टाकायला तयार होईना. बैल मारका! परका माणूस जवळ आला की आधी फुसफुसतो, मग शिंगंच दाखवतो. तिथे रात्री अंधारात दोन्ही शिंगांना दोन हात रंग मारणारा माणूस बैलाच्या ओळखीचाच असणार. तिकडे ‘अमेरिकन व्हँडल’मध्येही चित्रांमधल्या एका बारकाव्यावरून आरोपीचा हात नसावा असं दिसतं. इथे ते काम बैलानं केलं.

मग कॅमेरा सरपंचांच्याच घराकडे वळला. अंगणवाडी रंगवून उरलेला गुलाबी डबा त्यांच्याच वळचणीला निघाला. सरपंचांच्या आईनं पदर सावरत एवढंच सांगितलं, “बैलाले शोभते व, बापू. राहू द्या.” नातवंडं दाराआड हसत होती. पुढे तपास गेला नाही. सरपंचांनी चहा पाजला आणि चहा घेतल्यावर त्याच घरात उलटतपासणी करणं आमच्याकडे बसत नाही.

चित्रपट शाळेच्या भिंतीवर पडदा लावून दाखवला. पोट्टा निर्दोष ठरला आणि टाळ्याही पडल्या. ‘अमेरिकन व्हँडल’मधला आरोपी सुटल्यावर, सगळे आपल्याला तसंच समजतात या रागात खरोखरच शिक्षिकेच्या दारात जाऊन तसलं चित्र काढून येतो. आमचा आरोपी दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर उतरल्या तोंडानं बसलेला दिसला. आदल्या रात्री कुणाच्या तरी पंपाची केबल गेली होती आणि त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

“पुढच्या पोळ्याले म्याच रंगवतो,” तो म्हणाला.

भाचा वैतागला. “आधी सांगू नोको बे. तपासाचा सत्यानाश व्हईन.”