इडली महाग पडली

आमचा बुधवारचा बिझनेस ग्रुप म्हणजे धंदेवाल्यांनी नाश्त्याला जमून एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं. त्याची वर्षाची फी भरली तेव्हा नवरा म्हणाला, "फारच महाग इडली खातेस गं." पहिले सात-आठ महिने त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. सकाळी सातला कर्वे रोडच्या हॉटेलात पोचायचं, म्हणजे धायरीतून सहाला निघायचं. तिथं हसायचं, कार्डं वाटायची, नाश्ता करायचा आणि नऊला नऱ्ह्याच्या गाळ्यावर परत. तोवर पोरं मशीनपाशी चहा पीत बसलेली असायची.

माझा धंदा खोक्यांचा, म्हणजे कोरुगेटेड बॉक्सचा. दर बुधवारी प्रत्येकाला बोलायला एक मिनिट मिळतं. मी उभी राहून म्हणायचे, "आम्ही सर्व प्रकारचं पॅकेजिंग करतो, कुणाला लागल्यास सांगा." कुणालाच लागायचं नाही. पस्तीस माणसं मान डोलवायची आणि पुढच्याचं ऐकायची. "सर्व प्रकारचं" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकही माणूस उभा राहत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

कळलं तेही ट्रान्सपोर्टवाल्या दादांमुळे. ग्रुपमधल्या दोघांनी बाहेर निवांत भेटायचं, याला आमच्याकडे 'वन टू वन' म्हणतात. बहुतेक जण ती कॉफी पिऊन उरकतात. त्या दिवशी दादांना वेळ नव्हता, म्हणाले, "ताई, मार्केट यार्डाजवळच्या गोडाऊनवरच या." गेले. ऑगस्ट महिना, बाहेर चिखल, आत दमट वास. कोपऱ्यात खचलेल्या खोक्यांचा ढीग. एकातून लोणच्याचं तेल झिरपत होतं. मी सवयीनं कडेला बोट घालून पाहिलं, तर थ्री प्लाय, म्हणजे कागदाचे तीनच पदर. काचेच्या बरण्या, वर खोक्यांचे चार थर आणि पावसाळ्याची हवा. दमट झाला की कागद निम्मा जीव सोडतो, मग तो फुटणारच. दादा म्हणाले, "दर आठवड्याला याच पार्टीशी भांडण. ते म्हणतात हमालांनी आपटलं."

त्यांनी तिथूनच पार्टीला फोन लावला. मी दुसऱ्या दिवशी फाइव्ह प्लायचा नमुना घेऊन गेले, त्यात बरण्या भरल्या आणि मालकांना म्हटलं, उभे राहा याच्यावर. राहिले. दोनशे खोक्यांची पहिली ऑर्डर मिळाली.

पुढच्या बुधवारी माझं मिनिट बदललं. "ज्यांच्या काचेच्या बरण्या प्रवासात फुटतात, असा एक माणूस मला हवाय." सीए मॅडमनी तिथल्या तिथे वहीत नाव लिहिलं.

एका धंद्याचा एकच सभासद, हा बीएनआयचा, म्हणजे 'बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल' या अशाच ग्रुप चालवणाऱ्या संस्थेचा नियम आमच्याही ग्रुपनं उचललाय. आयव्हन मायस्नर यांनी १९८५ साली अमेरिकेत ते सुरू केलं. पुण्यात बीएनआयचे चॅप्टर, म्हणजे स्थानिक ग्रुप आहेत, माधवराव भिडे यांनी सुरू केलेला उद्योजकांचा सॅटर्डे क्लब आहे, आणि व्यापार-उद्योगांची १९३४ पासूनची संस्था मराठा चेंबर आहे, पण चेंबरचं काम वेगळं. ट्रेनिंग आणि सरकारी नियमांची माहिती हवी असेल तर तिकडे जावं, पहाटे उठून खोकी विकायला नव्हे. नवीन माणसानं पाहुणा म्हणून दोन-तीन ठिकाणी बसून बघावं. मी पहिल्याच ठिकाणी चेक फाडला, भिडस्तपणा.

याच भिडेपायी आणखी एक घोळ केला. ग्रुपमधल्या एकाचं काम न पाहताच त्याला मामेबहिणीच्या किचनचं काम दिलं. अॅडव्हान्स घेतला, ओटा तोडला आणि गडी दोन महिने गायब. बहीण गॅस हॉलमध्ये ठेवून स्वयंपाक करत होती. त्याच्याशी ती भांडलीच नाही, भांडली माझ्याशी, आणि बरोबरच आहे. नाव मी दिलं होतं. तेव्हापासून कुणाचं काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी त्याचं नाव पुढे करत नाही. रेफरल, म्हणजे एकमेकांना सुचवलेली कामं, कमी दिले म्हणून ग्रुपमध्ये थोडी कुजबुज होते, होऊ दे.

दादा आता फुटलेली खोकी फेकत नाहीत. गोडाऊनच्या एका कोपऱ्यात माझ्यासाठी रचून ठेवतात, लेबल वर दिसेल अशी. शनिवारी दुपारी मी तिथं जाते, एकेकाच्या कडेला बोट घालून बघते आणि लेबलवरचे नंबर उतरवून घेते.