सातारा ते सिस्सू, भर जानेवारीत: चिखलात तयार झालेला हात बर्फावर नेताना

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी थंडीत गाड्यांच्या टपावर दवबिंदू गोठतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. सातारकरांचा बर्फाशी संबंध साधारण तेवढाच. पण फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या आपल्याकडे आता बऱ्याच झाल्या आहेत. पावसाळ्यात कास-बामणोलीच्या किंवा कोयनेकाठच्या लाल चिखलात त्या चालवून हात बसलेले लोक हिवाळ्यात थेट मनालीचा बेत आखतात. हा वृत्तांत त्यांच्यासाठी आहे. एक डिझेल थार आणि एक पेट्रोल जिम्नी अशा दोन गाड्या जानेवारीत साताऱ्याहून मनाली, तिथून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये सिस्सू आणि केलाँगपर्यंत जाऊन आल्या.

सगळ्यात आधी सांगायचं ते हे की चिखलात ज्या सवयींनी गाडी निघते, नेमक्या त्याच सवयी बर्फावर घात करतात. चिखलात आपण वेग धरून शिरतो आणि चाकं फिरायला लागली तरी रेस सोडत नाही, कारण फिरणारं चाक खाचांतला चिखल फेकून देतं आणि खालच्या घट्ट जमिनीला जाऊन लागतं. दाबलेल्या बर्फावर टायर जागच्या जागी फिरला की घर्षणाने वरचा थर वितळतो, पाण्याची पातळ साय धरते आणि लगेच पुन्हा गोठते. काही सेकंदांत चाकाखाली आरसा तयार होतो. मग तिथून गाडी काढायला खोरं हातात घ्यावंच लागतं. ताज्या, भुसभुशीत बर्फात थोडा वेग कामाला येतो, पण पर्यटकांच्या वाटेवर असा बर्फ फार वेळ टिकत नाही. शंभर गाड्या गेल्या की तो घट्ट होतो.

दुसरा गैरसमज याहून धोक्याचा आहे: फोर बाय फोर गाडी बर्फावर लवकर थांबतेही. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी चढते, सुटते, पण थांबते मात्र टायरच्या पकडीवरच, आणि ती दोनच चाकांना ताकद असलेल्या फोर बाय टूला जेवढी मिळते तेवढीच मिळते. ताशी ४० किलोमीटर वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यापासून गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला ३० मीटरच्या आसपास लागतात, आणि काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर ६० च्या पुढे. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच्या एका सेकंदातले ११ मीटर वेगळेच. वेग निम्मा केला, म्हणजे २० वर आणला, की तोच गुळगुळीत बर्फ १५-१६ मीटर मागतो. लाहौलच्या रस्त्यावर १५ ते २० चा वेग पुरेसा आहे. मागून हॉर्न वाजला तर रुंद जागा बघून त्याला पुढे जाऊ द्यावं.

आता साताऱ्यातली तयारी. टायरपासून सुरुवात करा. चिखलासाठी घातलेले मोठ्या गट्ट्यांचे एमटी (मड टेरेन) टायर कडक बर्फावर वाईट ठरतात. गट्टे मोठे, मधली फट मोठी, आणि पकड देणाऱ्या बारीक चिरा जवळजवळ नसतातच. त्यापेक्षा चांगला एटी (ऑल टेरेन) टायर बरा. बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण असेल तर तो बर्फासाठी तपासलेला असतो; नुसत्या एम अँड एस (मड अँड स्नो) खुणेवर विसंबू नका. साध्या टायरचं रबर सुमारे ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं, म्हणून झिजलेले टायर घेऊन जाऊच नका.

हवेचा हिशोब जरा गमतीचा आहे. साताऱ्यात २८ अंशांना भरलेली ३३ पीएसआय हवा उणे १० अंशांत नुसत्या थंडीने २७ च्या आसपास उतरली असती. पण तीन हजार मीटरवर बाहेरच्या हवेचा दाबही कमी असतो, त्यामुळे मापक ३० च्या जवळपास दाखवतो. म्हणून घाबरून वाटेल तेवढी भरू नका. सकाळी गाडी हलवण्याआधी स्वतःच्या मापकाने बघा आणि दारावरच्या पट्टीवरच्या आकड्याला आणा.

कूलंटची गोष्ट आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्षित असते. उन्हाळ्यात घाटात पातळी कमी दिसली की आपण साधं पाणी ओततो. दोन उन्हाळ्यांत मिश्रण इतकं पातळ होतं की थंडीत गोठून ब्लॉक किंवा रेडिएटर फुटू शकतो. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर गोठण्याचा बिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास जातो. ग्लायकॉल एक तृतीयांशच असेल तर उणे १८ च्या जवळ. गॅरेजमध्ये मापक लावून बघायला दोन मिनिटं लागतात. शंका असेल तर पूर्ण बदलूनच घ्या. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढा आणि न गोठणारं द्रावण भरा, नाहीतर ते पंपासकट गोठतं.

बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर लोड टेस्ट करून घ्या. उणे १८ अंशांत तिची इंजिन फिरवायची ताकद निम्म्याच्या आसपास राहते आणि घट्ट झालेलं तेल जास्त ताकद मागतं. साताऱ्यात दुसऱ्या सेल्फला सुरू होणारी गाडी तिथे सुरू होणार नाही.

डिझेलवाल्यांसाठी आणखी एक. मैदानातलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो. लक्षण ठरलेलं आहे: गाडी सुरू होते, काही मिनिटं चालते आणि मग ओढ जाऊन बंद पडते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये वेगळं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. मेण न धरू देणारं अ‍ॅडिटिव्ह टाकीत घालायचं ते थंडीत शिरण्याआधी, मनालीच्या अलीकडेच. मेण धरल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. रॉकेल मिसळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कारण इंजिनात जोराने डिझेल सोडणाऱ्या कॉमन रेल पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. फिल्टर चोंदलाच तर गरम पाण्यात भिजवलेली फडकी त्यावर गुंडाळून ठेवा. टाकीखाली जाळ करू नका. ज्या गाड्यांना डीईएफ (धूर स्वच्छ करायचं, वेगळ्या टाकीतलं द्रावण) लागतं त्यांनी लक्षात ठेवावं की ते उणे ११ ला गोठतं. गाडीत त्यासाठी हीटर असतो, डीईएफची टाकी मात्र काठोकाठ भरू नका.

बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायच्या साखळ्या टायरच्या मापाच्याच घ्याव्या लागतात. १८ इंची थारला २५५/६५ आर १८, जिम्नीला १९५/८० आर १५. मनालीत विकत आणि भाड्यानेही मिळतात, पण भाड्याच्या साखळीचे दुवे आणि अडकवायचे आकडे (हुक) एकेक तपासून घ्या. शक्यतो इथूनच न्या आणि घरासमोर, संध्याकाळी अंधारात, हातमोजे घालून दोनदा चढवून बघा. जे अंगणात अवघड गेलं ते उणे पाचात जमत नाही.

साताऱ्याहून दिल्लीपर्यंतचा रस्ता ओळखीचाच: दारावरून जाणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पुणे, सुरत, वडोदरा, उदयपूर, जयपूर करत थेट दिल्लीला जातो. मनालीपर्यंत एकूण दोन हजार किलोमीटरहून जास्त. वडोदरा, अजमेर, चंदीगड असे तीन मुक्काम ठेवले तर चौथ्या दिवशी मनाली. उत्तरेतलं पहाटेचं धुकं बर्फाइतकंच धोक्याचं आहे, सकाळी नऊच्या आधी निघूच नका.

मनाली सुमारे २,०५० मीटरवर, बोगद्याची तोंडं ३,००० च्या वर. एक रात्र मनालीत काढल्याशिवाय वर जाऊ नका. बर्फ पडला की पोलीस सोलांगच्या आसपास गाड्या अडवतात आणि फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्यांनाच सोडतात. जास्त पडला की कुणालाच नाही. वाद घालू नका. हिमस्खलनाचा इशारा डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था देते, तो रोज सकाळी बघा.

साखळी चढवायची ती बर्फ सुरू व्हायच्या आधी, सपाट जागी. चढावर अडकल्यावर चढवायला गेलं तर गाडी माणसाच्या अंगावर घसरते. गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकांना उटी (दगड किंवा लाकडाचा ठोकळा) लावा. गुडघ्याखाली पोतं घ्या. साखळी जमिनीवर पसरून पीळ काढा. आकड्यांची उघडी तोंडं टायरपासून बाहेर राहतील अशी ती चाकावर टाका आणि गाडी अर्धा फेरा पुढे घ्या. आधी आतल्या बाजूचा आकडा अडकवा, मग बाहेरचा, मग रबराचा ताण. ५०-१०० मीटर चालवून थांबा आणि पुन्हा आवळा. हे दुसरं आवळणं लोक टाळतात, आणि सैल साखळी ब्रेकची नळी तोडते. चारही चाकांना साखळ्या असतील तर उत्तम. एकच जोड असेल तर कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तकात बघा. नुसत्या पुढे लावल्या तर उतारावर मागचं अंग फिरतं. नुसत्या मागे लावल्या तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाते. वेग तीसच्या आत.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांब, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला. आत डांबर मोकळं असतं. थार आणि जिम्नीसारख्या गाड्यांत मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, म्हणून कोरड्या रस्त्यावर फोर एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद असताना वळताना पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन गिअरबॉक्सवर ताण येतो. बोगद्यात टू एच, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद. साखळ्याही आधी रुंद जागा बघून काढा. बाहेर पडण्याआधी मात्र वेग उतरवून परत फोर एच. उत्तरेच्या तोंडाशी गाड्यांवरून गळलेलं पाणी गोठलेलं असतं, आणि समोरच्या उजेडाने डोळे दिपलेले असतात. गॉगल हाताशी ठेवा.

सिस्सूच्या बाजूला भीती वाटते ती दिसणाऱ्या पांढऱ्या बर्फाची. नुकसान करतो तो काळा. रस्ता नुसता ओला दिसतो, पण तो ओला नसतो, काच असते. जागा ठरलेल्या: नाल्याचं पाणी रस्ता ओलांडतं तिथे, पुलांवर, कड्याच्या सावलीतल्या वळणांवर. समोरच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नसेल आणि रस्ता चकाकत असेल तर तो बर्फ समजा. दुपारच्या उन्हात तो बरा होतो असंही नाही. शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचा थर धरलेला बर्फ उणे पंधराच्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो. सकाळी दहानंतर निघा, चारच्या आत मुक्कामी या.

गाडी हलवताना दुसरा गिअर आणि हलका पाय. उतारावर फोर एल (चारही चाकांना ताकद, पण संथ गिअरवर), पहिला किंवा दुसरा गिअर, आणि पाय क्लचवरून पूर्ण बाजूला. फोर एलमध्ये इंजिनचा रोध चारही चाकांवर वाटला जातो. टू एचमध्ये खालचा गिअर झटक्याने टाकला तर तो फक्त मागच्या चाकांवर येतो, ती अडकतात आणि गाडी गरकन फिरते. पुढची गाडी पूर्ण उतरल्याशिवाय उतारावर गाडी घालू नका. डोंगराच्या बाजूने चला. दरीकडची कड बर्फाखाली कुठे संपते ते दिसत नाही. सावरताच येत नसेल तर डोंगराकडच्या बर्फाच्या ढिगात गाडी घाला.

वळणावर पुढचं घसरलं तर स्टिअरिंग आणखी वळवू नका. रेस सोडा, स्टिअरिंग थोडं सरळ करा आणि पकड येईपर्यंत थांबा. मागचं निघालं तर ज्या बाजूला निघालं त्याच बाजूला स्टिअरिंग आणि ब्रेकला हात नाही, म्हणजे पायही नाही. एबीएस थरथरला तर पाय तसाच दाबून धरा, पंप करू नका. थारच्या ज्या मॉडेलांत मागचा डिफरन्शियल आपोआप लॉक होतो, त्यांत आडव्या उतारावर जास्त रेस दिली तर मागची दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडी खालच्या बाजूला सरकते.

चढावर बंद पडली तर न्यूट्रलमध्ये मागे सोडू नका. ब्रेक धरा, फोर एल रिव्हर्स टाका, गिअरमध्येच इंजिन सुरू करा आणि सरळ रेषेत मागे या.

अडकली तर पहिल्या फिरकीलाच थांबा. चाकांपुढचा आणि पोटाखालचा बर्फ खोऱ्याने काढा आणि १० किलोच्या दोन पिशव्यांत नेलेली कच चाकापुढे पसरा. मीठ फार थंडीत काम करत नाही. मऊ बर्फात हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली तर फरक पडतो. कॉम्प्रेसर सोबत असेल तरच उतरवा. ट्रॅक्शन कंट्रोल ताकद तोडत असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. ओढायचा पट्टा फक्त टोइंग हुकात, आणि बघे बाजूला.

गाडीत बसून वाट बघायची वेळ आली तर इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बर्फात बुजलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो आणि माणसं झोपेतच जातात. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणंही तेवढंच घातक आहे.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ड्रममध्ये किंवा केबलमध्ये पाणी गोठून तो चिकटतो. सपाट जागा, गिअर आणि चाकाला दगड. वायपर उभे करा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो. हीटर आणि एसी एकत्र चालू करा, हवा बाहेरची घ्या. आतलीच फिरवली तर काच धुरकटते. निघाल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर आधी रिमच्या आत बर्फ गोठला आहे का बघा, तो एका बाजूला जड झाला की चाक हलतं.

इंधन मनालीत भरून घ्या. पलीकडे केलाँगच्या अलीकडे तांदीला पंप आहे. टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नका.

परत आल्यावर गाडी रॅम्पवर चढवून खालून पाण्याच्या जोरात धुवा, ब्रेकच्या पत्र्यांत बारीक खडी अडकलेली असते. ब्रेकच्या नळ्या आणि सीव्ही जॉइंटचे रबरी बूट साखळीने घासले गेलेत का ते बघा. साखळ्या धुऊन उन्हात वाळवा, झिजलेले दुवे लगेच बदला आणि हलकं तेल फिरवून पोत्यात ठेवा.