डावीकडचा डबा, पण कुणाच्या डावीकडचा? बोलणाऱ्या गाडीची प्रगती

घरात फिरणाऱ्या माझ्या रोबॉट-गाडीच्या नकाशाचं आणि चाकांचं काम मागच्या नोंदीत सांगितलं होतं. यावेळी सगळा वेळ बोलण्यावर गेला, आणि गाडी आता ‘खुर्चीच्या डावीकडच्या डब्यापाशी जा’ असं म्हटलं की हव्या त्या डब्यापाशी जाते. जिथे दोन अर्थ निघतात तिथे निघण्याआधी विचारते.

जुळणी तीच आहे: रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, दोन चाकं, पुढे कॅमेरा, आणि कॅमेऱ्याला जागा ओळखता यावी म्हणून भिंतींवर आरुको नावाच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा. बोललेलं लॅपटॉपवरचा व्हिस्पर हा बोलणं ओळखणारा प्रोग्रॅम ऐकतो, आणि उत्तर ई-स्पीक या मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मराठी आवाजात येतं. आवाज कोरडा आहे, पण शब्द स्पष्ट कळतात.

टेरी विनोग्राडने अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात 1968 ते 1970 या काळात श्रड्लू हा साध्या इंग्रजीतल्या सूचना समजणारा प्रोग्रॅम लिहिला. टेबलावरचे ठोकळे हलवायला सांगितलं की तो हलवायचा, पण ते टेबल पडद्यावरचं होतं. माणूस आणि यंत्र एकाच बाजूने बघत असल्यामुळे ‘डावीकडे’ म्हणजे कुणाच्या, हा प्रश्न तिथे उभाच राहत नव्हता. खोलीत समोरासमोर आलं की पहिल्याच वाक्याला तो येतो. 2004 मध्ये एमआयटी मीडिया लॅबमधल्या डेब रॉय आणि सहकाऱ्यांनी रिप्ली या रोबॉटला समोरच्या माणसाच्या जागेवरून दृश्य कसं दिसेल याची कल्पना करायला लावली, म्हणजे ‘माझ्या डावीकडचा’ आणि ‘तुझ्या डावीकडचा’ यांतला फरक त्याला कळू लागला. माझ्या प्रोग्रॅमची मूळ कल्पना तीच आहे.

आता खोलीतलं उदाहरण. आई सोफ्यावर बसली होती, समोर तिच्याकडे तोंड केलेली खुर्ची, खुर्चीच्या दोन्ही अंगांना एकेक स्टीलचा डबा. गाडी खुर्चीमागे, आईकडे तोंड करून. आई म्हणाली, “खुर्चीच्या डावीकडचा डबा.” आईच्या नजरेने बघितलं तर एक डबा. खुर्चीला स्वतःचं तोंड आहे, त्यामुळे खुर्चीची स्वतःची डावी बाजू धरली तर दुसरा. गाडीच्या नजरेनेही तो दुसराच. प्रोग्रॅम तिन्ही बाजूंनी हिशेब करतो आणि तिन्हींचं उत्तर एकच आलं तर काही न विचारता निघतो. उत्तरं वेगळी आली तरच तोंड उघडतो. खुर्चीजागी तांब्या ठेवला की वस्तूच्या स्वतःच्या डाव्या बाजूचा हिशेब गळतो, कारण तांब्याला पुढची बाजू नाही.

या टप्प्यात सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते कसं विचारायचं यातून. गाडीने “माझ्या डावीकडचा की तुमच्या?” असं विचारलं की आई थांबायची, मनातल्या मनात गाडीच्या जागी उभी राहायची, मग उत्तर द्यायची. प्रश्न बदलून “खिडकीकडचा की दाराकडचा?” केला. लगेच उत्तर आलं: “दाराकडचा गं.” म्हणून आता गाडी दोन्ही डब्यांच्या आसपासच्या मोठ्या, न हलणाऱ्या वस्तू शोधते आणि प्रश्नात त्याच घालते. डावं-उजवं विचारायचं ते अशी वस्तू सापडलीच नाही तर. माझं ठाम मत झालंय की घरातल्या रोबॉटने दिशेचा वाद दिशेच्या शब्दांनी सोडवायला जाऊच नये.

आजीचं बोलणं वेगळंच. ती “उगवतीच्या भिंतीकडचा” म्हणते, कोण कुठे बसलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधली गुगु यिमिथिर भाषा बोलणारे हातापाशी ठेवलेल्या वस्तूसाठीही पूर्व-पश्चिम वापरतात. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन लेव्हिन्सन यांचं त्यावरचं काम प्रसिद्ध आहे. आपल्याकडे शेताच्या चतुःसीमा आजही अशाच लिहितात. गाडीसाठी ही सगळ्यात सोपी पद्धत. मोटरींजवळ होकायंत्र भरकटतं, म्हणून नकाशात पूर्वेचा कोन एकदाच भरून ठेवला. आजीच्या वाक्यांना आता प्रश्नच विचारावा लागत नाही.

‘पुढे’ने मात्र बरंच काम दिलं. ‘डबा खुर्चीच्या पुढे आहे’ म्हणजे खुर्चीच्या तोंडासमोर. ‘खुर्चीच्या पुढे जा’ म्हणजे बहुतेक वेळा खुर्ची ओलांडून, जसं आपण ‘देवळाच्या पुढे गेलं की उजवीकडे’ असा पत्ता सांगतो. त्यामुळे क्रियापद बघून नियम बदलतो: जाण्याचं असेल तर गाडीच्या चालीची दिशा, असण्याचं असेल तर वस्तूचं तोंड. ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ला एवढं करावं लागत नाही, बोलणारा कुठे आहे ते कळलं की पुरतं.

‘जवळ’साठी ठरावीक सेंटिमीटर लिहिलेले नाहीत. वस्तू जितकी मोठी तितकं तिच्या ‘जवळ’चं वर्तुळ मोठं: कपाटाजवळ आणि वाटीजवळ ही अंतरं सारखी नसतात. कोनासाठी उतरते गुण दिलेत. नेमक्या डावीकडे पूर्ण, तिरकं होत गेलं की कमी, काटकोनावर शून्य.

पुढचं काम जागांच्या नावांचं. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या रूथ शुल्झ आणि सहकाऱ्यांच्या लिंगोड्रॉइड्स या रोबॉटांनी एकमेकांशी खेळ खेळत जागांना स्वतःचे शब्द पाडले. दोघे एका जागी आले की त्या जागेला एक शब्द ठरायचा, आणि न पाहिलेल्या जागेचं नाव दिशा व अंतर सांगून एक दुसऱ्याला समजावायचा. माझ्याकडे गाडी एकच असल्याने दुसरा खेळाडू मीच. ती उभी असेल तिथे मी ‘मोरीपाशी’, ‘देवघरासमोर’, ‘झोपाळ्याखाली’ म्हणतो आणि ती तो बिंदू जपून ठेवते. देवघर आणि मोरी पक्की बसलीत. झोपाळा हलता असल्याने त्याखालची जागा कशी साठवायची, कडीच्या बिंदूवरून की फळीच्या, हे ठरवतोय. सध्या कडीचा बिंदू धरून चाचणी सुरू आहे.