तळाशी गेलेला काळा डबा

सोमवारी आमच्या सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये रविवारच्या पार्सलचा माल येतो. त्या सोमवारी मात्र आमचाच माल परत आला. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या काळ्या डब्यांची गासडी रिसायकलिंगवाल्याने उतरवूनच घेतली नव्हती. चलनावर दोनच शब्द होते, ‘तेलकट, मिक्स’. गासडी फोडून एकेक डबा बघायचं ठरलं.

तेलाचं कारण लगेच कळलं. गरम तर्रीचं तेल पीपीच्या पृष्ठभागात मुरतं आणि मग गार पाण्याने निघत नाही. कारखान्यात ते काढायला गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा लागतो, तो खर्च भावातून कापला जातो. डबा त्याच रात्री, भांडी विसळलेल्या पाण्यात जरी बुडवून काढला तरी चालतो. झाकण लावून तीन दिवस ठेवला, की आत अळ्या होतात आणि वर्गीकरणाला बसलेल्या बायकांना तो हाताने उघडावा लागतो.

‘मिक्स’चं कोडं मात्र अवघड होतं, कारण बहुतेक डब्यांच्या तळाला त्रिकोणात 5 आकडा होता, म्हणजे पीपीच. मग पाण्याची परीक्षा घेतली. डब्याचा अंगठ्याएवढा तुकडा कापायचा, बादलीत भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकायचा आणि तुकडा पाण्याखाली नेऊन सोडायचा. साबण हवाच. नाहीतर तेलकट तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि बुडणारा तुकडाही तरंगतो. पीपीची घनता 0.9 च्या आसपास, पाण्याच्या 1 पेक्षा कमी, त्यामुळे ते वर येतं. पॉलिस्टायरीन (1.05) आणि पेट, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक (1.38), तळाशी जातात. पण इथे 5 आकड्याचे काही तुकडेही सरळ तळाशी गेले! स्वस्त डब्यांच्या पीपीत चुनखडीची भुकटी मिसळतात. वजनाने 15 टक्क्यांच्या वर भुकटी गेली की डबा बुडतो. पाण्यावर प्लास्टिक वेगळं करणाऱ्या कारखान्यात असा डबा पेटच्या ढिगात जातो आणि तो ढीगही बिघडवतो. हाताला हे डबे जड लागतात, दुमडले की घडीवर पांढरी रेघ उमटते.

त्याच दिवशी ताज्या मालातून एका माणसापुरतं मिसळीचं पार्सल जसंच्या तसं मिळालं. ते ताडपत्रीवर सुटं केलं: काळा डबा, वेगळ्याच प्लास्टिकचं पारदर्शक झाकण, रबर लावलेली तर्रीची पिशवी, फरसाणाची पिशवी, कांदा-लिंबाची पुडी, दह्याची सीलबंद वाटी, पांढरा चमचा, प्लास्टिकमधला टिश्यू, झाकणाभोवतीची चिकटपट्टी, बाहेरची पिशवी. यातला विकला गेला असता तो फक्त डबा, तोही धुतला असता तर. तळाशी तर्री उरलेली रबर लावलेली पिशवी कोणी सोडवत बसत नाही. प्लास्टिकच्या चमच्यावर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तरी तो होताच.

ताडपत्रीवरचा हा पसारा घेऊन दुपारी आम्ही ते पार्सल जिथलं होतं त्या नाश्ता सेंटरवर गेलो. मालक म्हणाले, “ताई, तर्री सांडली तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. पिशवी सांडत नाही.” खरं होतं, म्हणून आधी सांडण्याचाच बंदोबस्त करायला घेतला. स्टीलचा डबा, झाकणाला सिलिकॉनची रिंग, वर दोन बोटं जागा रिकामी. उकळती तर्री भरून लगेच झाकण दाबलं तर वाफेने ते उचललं जातं आणि रस्त्यात गळतं. वाफ जाऊ दिली की गळती थांबते. माप पळीने. गिऱ्हाइकाने घरून केवढाही डबा आणला तरी एका माणसाला ठरलेल्या पळ्या, म्हणजे काउंटरवर वाद नाही. दुकानाचा डबा हवा असेल तर अनामत, आणि ती झाकणासकट डबा आला तरच परत, कारण आधी हरवतं ते झाकण.

फरसाण कागदी पिशवीत गेलं, घरी पोचेपर्यंत तेवढं टिकतं. कांदा-लिंबू छोट्या द्रोणात. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई अन्नाला लागते. चमचा आणि टिश्यू मागितला तरच.

मालकांनी ‘कागदी’ वाट्या आणि ‘कंपोस्टेबल’ पारदर्शक डबेही दाखवले. कागदी वाटीला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो सहज सुटत नाही. म्हणून तिला ना रद्दीवाला घेतो, ना प्लास्टिकवाला. पारदर्शक डबा पीएलएचा, म्हणजे वनस्पतींपासून केलेल्या प्लास्टिकचा होता, दिसायला हुबेहूब पेट. त्याला कुजायला 58 अंशांच्या आसपासची उष्णता टिकून लागते, सोसायटीच्या खड्ड्यात ती मिळत नाही. दोन्ही नाकारा, असंच आम्ही सांगितलं.

अडलं ते घरपोच पाठवण्याच्या ऑर्डरींवर. तिथे स्टीलचा डबा परत आणणारं कोणी नाही. त्यांच्यासाठी सध्या डबा आणि झाकण दोन्ही एकाच, न भेसळलेल्या पीपीचे घ्यायचे, चिकटपट्टीऐवजी घट्ट बसणारी कड बघायची आणि नवा लॉट आला की एक तुकडा साबणाच्या पाण्यात टाकून बघायचा. बुडला तर लॉट परत.