विस्कॉन्सिनचा धनुर्धर, वय वर्षं पंचाहत्तर

शिकागो एका ओळीत उरकतो: उंच इमारती, कान कापणारा वारा आणि पाऊण तास ताटकळत ठेवून आलेला जाडजूड पिझ्झा. स्प्रिंग ग्रीनजवळचं वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटचं तालिएसिनही पाहिलं. घर देखणं आहे, पण काही ठिकाणी छत इतकं बुटकं की मी उगाचच मान खाली घालून फिरलो. चिरंजीवांनी एक्सेलमध्ये आखलेल्या आमच्या अमेरिकावारीत बाकी पुष्कळ काही होतं. फोटो आहेत, बघू कधीतरी. लिहावंसं वाटतंय ते एक्सेलमध्ये नसलेल्या एका संध्याकाळबद्दल. ती मी एका पंचाहत्तर वर्षांच्या शिकाऱ्याशेजारी, तोंड न उघडता, थंडीत कुडकुडत काढली.

मुलगा विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनच्या पश्चिमेला राहतो, शहर संपून मक्याची शेतं सुरू होतात तिथे. शेजारी एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचं नाव लिहीत नाही, शेजारीबुवा म्हणतो. हयातभर त्यांनी शाळेत सुतारकाम शिकवलं. विमानप्रवासाने बिघडलेल्या झोपेमुळे मी पहाटेच जागा झालो, चहा घेऊन मागच्या दारी आलो, तर पलीकडच्या परसात हे गृहस्थ लोकरीची टोपी घालून खुर्चीवर बसलेले. दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर उचललेले, आणि त्या अवस्थेत धनुष्य ओढताहेत. मला वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागला.

ती त्यांची परीक्षा होती, हे नंतर कळलं. बसून, पाय अधांतरी ठेवून आणि धनुष्य आभाळाकडे न उचलता, समोर धरून दोरी सरळ मागे आणता आली तर ते वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, तुमचं. पायांचा टेकू लागला किंवा हात वर करून हिसका मारावा लागला तर वजन उतरवायचं. हरणासमोर हात वर-खाली केलात तर ते कशाला थांबतंय? आणि जोर लावून ओढलात तर खांद्यातले स्नायू एक दिवस तुटतात. मग शस्त्रक्रिया आणि हंगाम बुडाला. शेजारीबुवांचा उजवा खांदा एकदा असाच शिवून घेतलेला आहे.

परीक्षेनंतर फोमच्या ठोकळ्यावर मोजके बाण, तेही वीस यार्डांवरून, म्हणजे आपल्या अठरा मीटरवरून. हात दमायच्या आत थांबायचं. पूर्वी शंभर-शंभर मारायचो, म्हणाले, पण शेवटचे सत्तर फक्त चुकीच्या सवयी लावायचे.

इथे थोडं घरचं रडगाणं गातो. मी साताऱ्याचा. अनेक वर्षं रोज सकाळी अजिंक्यतारा चढायचो. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा घरातून एकमुखाने ठराव पास झाला: ‘आता पुरे.’ डॉक्टर म्हणाले, जपून चाला. घरच्यांनी ऐकलं, चालू नका. मीही फार खळखळ केली नाही. आपल्याकडे साठीनंतर माणसाचे दोनच प्रकार. एक ‘या वयातही बघा’ म्हणून ज्याचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरतो तो, आणि दुसरा सोफ्यावरचा. अर्धा किल्ला चढून परत येणारा तिसरा प्रकार कोणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आला नव्हता.

असो. शेजारीबुवांनी मला त्यांचं गॅरेज दाखवलं. हत्यारं ओळीने टांगलेली, रंध्याला तेल, भुसा नावाला नाही. दाराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने एकाखाली एक आकडे लिहिलेले होते. आपल्याकडे पोरांची उंची चौकटीवर खुणा करून मोजतात, तशाच खुणा. सगळ्यात वर १९९८ आणि पुढे ७०. मग ६५, मग ६०. एका वर्षासमोर नुसती रेघ, तो शस्त्रक्रियेचा हंगाम. त्यानंतर ५२. शेवटच्या ओळी जवळजवळ लागून आल्या होत्या: २०२१ ला ४८, मग ४६, ४४, आणि २०२४ समोर ४२.

हे पौंड आहेत, दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी ते षटकोनी किल्लीने धनुष्याच्या दोन्ही पात्यांचे बोल्ट सारखे सैल करतात, वर-खाली एकेक वेढा, काट्यावर वजन बघतात आणि आकडा भिंतीवर टाकतात. मधे दोनदा धनुष्यच बदललं, कारण एका धनुष्यात वजन ठरावीक मर्यादेतच उतरतं. आकड्यांपुढे शेरा नाही, उद्गारचिन्ह नाही. मी त्या भिंतीपुढे जरा जास्तच वेळ उभा राहिलो. हिने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, माणूस हिशेबी आहे.

धनुष्य म्हणजे रामाच्या हातातलं समजू नका. दोन टोकांना कप्प्या असतात. मिझुरीच्या हॉलेस ॲलन यांना या रचनेचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं. दोरी ओढताना जोर मधेच शिगेला पोचतो आणि पूर्ण ओढली की कप्पी फिरून तो एकदम उतरतो. ४२ पौंडांतले आठ-साडेआठच हातात उरतात, चार किलोही नाहीत. म्हणून म्हातारा माणूस नेम धरून थांबू शकतो. थांबू शकतो, पण हवं तितकं नाही. त्याची गोष्ट पुढे येतेच आहे.

शिकार म्हटल्यावर आपल्याकडे भुवया उंचावतात. माझ्याही उंचावल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या पिढीला शिकार म्हणजे गुन्हा आणि बातमी. विस्कॉन्सिनमध्ये ते शेतीइतकंच उघड काम आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं अमाप, मक्यात घुसतात, रात्री गाड्यांवर येऊन आदळतात. या राज्याने १९३४ सालीच सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत हरणांसाठी फक्त धनुष्यबाणाचा हंगाम उघडला. निसर्गरक्षणाच्या चळवळीत ज्यांचं नाव आदराने घेतात ते आल्डो लिओपोल्ड याच राज्यात राहिले, आणि ते स्वतः धनुष्यं बनवून शिकारीला जात. मला हे सगळं पटलं असं नाही. पण मटण चवीने खाणाऱ्याने फार तत्त्वज्ञान झाडू नये, एवढं कळण्याइतकं वय झालंय.

तर त्या दुपारी आम्ही हायवे १४ ने पश्चिमेला निघालो. मॅझोमॅनी, अरीना, लोन रॉक करत रिचलँड सेंटरच्या अलीकडे. हिमयुगात बर्फाच्या लाद्यांनी आसपासचा मुलूख सपाट केला, हा भाग तेवढा सुटला. त्यामुळे इथे डोंगर आहेत, घळी आहेत, वळणावळणाच्या दऱ्या आहेत. अमेरिकेत मला जावळी आठवेल असं वाटलं नव्हतं. पानं गळून गेलेली आणि ओकच्या तपकिरी पाचोळ्यात पाय घोट्यापर्यंत बुडत होता.

जागा त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या रानात होती. वाटेत झाडाला टेकवलेली एक लोखंडी शिडी दिसली, वर बसायची फळी. ते त्यांचं जुनं मचाण. सत्तरीला सोडलं. त्यांचा एक शिकारीमित्र असाच मचाणावरून उतरताना पडला आणि मणका मोडून बसला. पट्टा बांधून चढणाऱ्यांचं त्यांना कौतुक आहे, पण रात्री अडीच वाजता ज्याला बाथरूमला जाताना भिंत धरावी लागते त्याने शिडी चढू नये, असं त्यांचं म्हणणं. आता ते जमिनीवरच्या लपणीत बसतात. कापडी तंबू, आत काळा, चारी बाजूंना फटी. आत दोन फिरत्या खुर्च्या होत्या, न करकरणाऱ्या. तोंडाशी पाचोळा पायाने बाजूला सारून माती उघडी केली, म्हणजे बूट वाजत नाहीत. हात गरम ठेवायच्या पुड्या. आणि कोपऱ्यात रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली. कशासाठी, ते माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको.

पुढचा वेळ तुम्हाला सांगण्यासारखा नाही. काहीच घडत नाही. माझ्या खिशातला फोन मात्र थरथरत होता: ‘बाबा, स्वेटर घातलात ना?’, ‘बाबा, गोळी?’, ‘बाबा, लोकेशन पाठवा.’ शेजारीबुवांच्या कानात श्रवणयंत्र. त्याने पाचोळ्यातली खारसुद्धा रेड्यासारखी वाजते, अशी त्यांची तक्रार. खरंच, एकेक खार चालली की आम्ही दोघं सरसावून बसायचो.

सूर्य पावणेपाचच्या सुमाराला मावळला. कायद्याने त्यानंतर वीस मिनिटं बाण सोडता येतो. त्या वीस मिनिटांत ती आली. मादी, मागे तिचं मोठं झालेलं पिल्लू. वारा तिच्याकडून आमच्याकडे. मान खाली घालून ओकची फळं हुंगत ती जवळ येत गेली. पंधरा मीटरवर एक जाड बुंधा होता, तिचं डोकं त्यामागे गेलं आणि शेजारीबुवांनी दोरी ओढली. हिसका नाही, आवाज नाही, परसातल्या खुर्चीवर ओढतात तशीच.

आणि ती बुंध्यामागेच थांबली. इकडून मान बाहेर, तिकडून मागचे पाय बाहेर, आणि बाणाला जी जागा हवी, पुढच्या पायामागची फुप्फुसांची, ती नेमकी झाडाआड. एक पाऊल टाकलं असतं तर काम झालं असतं. ती टाकेना. कान फिरवत उभी राहिली. ते ओढलेल्या दोरीसह बसून राहिले. आधी त्यांच्या बाहीचं कापड थरथरलं. मग कोपर. मग बाणाच्या टोकाला बारीक कंप दिसायला लागला. मी मनातल्या मनात त्या हरणीला अस्सल सातारी शिव्या घालत होतो.

त्यांनी दोरी परत सोडली. म्हणजे बाण न सोडता, हळूहळू पुढे जाऊ दिली. ओढण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण साडेआठ पौंडांचे एकदम बेचाळीस होतात आणि ते सगळं थकलेल्या खांद्यावर येतं. जरा झटका बसला तर हरीण पसार. त्यांनी ते इतक्या सावकाश केलं की तिने नुसतं वळून पाहिलं.

मग ती पुढे आली. पूर्ण उघड्यावर, आडवी, आमच्यापासून बारा-तेरा मीटरवर. निवांत खात राहिली. एखादा फोटो काढायला थांबावी तशी. आणि यांनी धनुष्य मांडीवर ठेवलं होतं. मी त्यांच्याकडे बघतोय, हरणीकडे बघतोय, डोळ्यांनी विचारतोय, अहो, आता! त्यांनी मान हलवली. शेवटी दोन्ही जनावरं घळीत उतरली, तसे ते पुटपुटले, ‘ओढता आलं असतं. स्थिर धरता आलं नसतं.’

गाडीत हीटर लावून सँडविच खाताना मी विषय काढलाच. ते म्हणाले, ‘पस्तिशीत असतो तर दुसऱ्यांदा ओढून सोडला असता. मग रात्रभर टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत हिंडलो असतो. हिंडलोय तसा.’ जोर कमी म्हणून ते आता वीस यार्डांपलीकडे सोडत नाहीत आणि पाती उघडणारी नवी टोकंही वापरत नाहीत. उघडण्यातच ताकद खर्च होते, जुनी घट्ट पाती धार लावून बसवलेली बरी. डोळ्यांचंही तसंच. नेमाच्या पाच बारीक खुणा धूसर दिसायला लागल्या, म्हणून आता एकच, जाडी.

क्रॉसबोचं विचारलं तेव्हा मात्र गडी तापला. क्रॉसबोला दोरी आधीच अडकवलेली असते, धरून ठेवायचा प्रश्न नाही, चाप ओढला की झालं. विस्कॉन्सिनमध्ये पूर्वी ती पासष्टीच्या पुढच्यांना आणि अपंगांना चालायची. २०१४ मध्ये सगळ्यांसाठी क्रॉसबोचा हंगाम उघडला. ‘आणि मी पासष्टचा कधी झालो? २०१४ मध्ये! आयुष्यात म्हातारपणाची एकच सवलत मिळणार होती, ती त्याच वर्षी पंचविशीच्या पोरांना वाटून टाकली.’ स्टिअरिंगवर हात आपटून हे सांगितलं. मला हसू आवरेना.

पुढच्या आठवड्यात त्यांना हरीण मिळालं. मी त्या दिवशी कुठे होतो? ठरल्याप्रमाणे मॉलमध्ये, नातवासाठी बूट बघत. हरीण ओढून आणायला त्यांनी आधीच एका तरुणाला फोन करून ठेवला होता आणि दोन चाकांचा गाडा होता. पन्नास-साठ किलोचं धूड चढावर एकट्याने ओढताना हृदयविकाराचा झटका आलेले शिकारी त्यांना माहीत आहेत. डोकं तपासणीसाठी ठेवलेल्या पेटीत टाकलं. २००२ पासून या राज्यातल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग आहे. माणसाला तो झाल्याचं आढळलेलं नाही, तरी अहवाल येईपर्यंत मांस खायचं नाही, हा त्यांचा नियम.

अहवाल चांगला आला. निघण्याच्या आधी सूनबाईंनी ते मटण साताऱ्याहून आणलेल्या काळ्या मसाल्यात केलं. हरणाच्या मांसाला फारशी चरबी नसते, त्यामुळे तेल सढळ आणि शिट्ट्या जास्त. चव बकऱ्यापेक्षा डावी, हे माझं स्पष्ट मत, आणि ते मी तेव्हा गिळलं. शेजारीबुवा लाल होत, नाक पुसत, दुधाचे ग्लास रिचवत जेवले.

मी म्हटलं, पुढच्या वर्षी भिंतीवर काय, चाळीस? ते म्हणाले, बहुतेक. हरणासाठी कायद्याने धनुष्य किमान तीस पौंडांचं लागतं. त्यांनी बोटांवर हिशेब केला: बेचाळीसमधून तीस गेले बारा, वर्षाला दोन म्हणजे सहा वर्षं.

‘एक्क्याऐंशी,’ सूनबाई म्हणाल्या. ‘मग?’

‘मग क्रॉसबो,’ ते म्हणाले आणि आणखी भात मागितला.