तुम्ही विचारलंत म्हणून: मी माळवदावर काय ऐकते

परवा पोळ्याला तुम्ही जेवायला बोलावलंत आणि पहिली पुरणपोळी ताटात पडायच्या आत तो प्रश्न आलाच. “मॅडम, रात्री घराच्या माळवदावर एकट्या बसून किडे कसले ऐकता?” गेली सहा वर्षं हा प्रश्न मला बाजारात, शाळेत, एसटी स्टँडवर, एकदा तर मयतीच्या घरीसुद्धा विचारला गेलाय. कुणी काळजीनं विचारतं, कुणी हसून. काही जण विचारतच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मला कळतं की मी गुप्तधनाची जागा हेरते म्हणून. दर वेळी मी “छंद आहे” असं म्हणून सुटका करून घेते. ते खरं नाही. म्हणून एकदाच सगळं लिहिते. मी माहेरी का राहते, नवरा वाळूजला का असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते सोडून देते.

आधी एक गोष्ट साफ करते. रातकिडा ओरडत नाही. बोलताना मीही “ओरडायलेत” म्हणते, जीभ तशीच वळलेली आहे, पण त्याच्या घशातून काही निघत नाही. आपल्या काळ्या रानातल्या भेगांत जो काळा, पंखांच्या मुळाशी दोन पिवळट ठिपके असलेला रातकिडा राहतो, त्याच्या उजव्या पंखाच्या खालच्या अंगाला कानशीसारखी दातेरी शीर असते. पंख मिटताना डाव्या पंखाची कड त्या दातांवरून घासत जाते, पंख थरारतो आणि सेकंदाला साडेचार-पाच हजार कंपनांचा अगदी स्वच्छ सूर निघतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. सूर काढतो तो नर. मादी गप्प असते, ती ऐकते, आणि तिचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरासे खाली असतात.

तोंडानं आवाज काढणारा एक आहे, आणि तो आपल्याच रानात आहे. तिळावर बोटाएवढी जाड, शेपटीला शिंग असलेली अळी येते, तिचा पतंग. पाठीवर माणसाच्या कवटीसारखं चित्र असतं. सातवीतल्या एका मुलानं तो कंपासपेटीतून वर्गात आणला होता. हातात धरला तर उंदराच्या पिल्लासारखा “चीं” करून ओरडला आणि अर्धा वर्ग बाकावर चढला. तो सोंडेतून हवा आत ओढतो, तेव्हा घशातला एक पापुद्रा फडफडतो; मग तीच हवा बाहेर सोडतो. याच सोंडेनं तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो. त्या दिवशी घरी जाऊन पोरांनी सांगितलं की मॅडमनी बोलणारं फुलपाखरू दाखवलं, आणि तुमच्यातल्या दोघांनी मला फोन करून असलं काही शिकवू नका म्हणून सांगितलंत.

कोळ्याचंही विचारता. बहुतेक कोळी आपल्याला ऐकू येईल असं काही बोलत नाहीत. उडी मारणारा छोटा कोळी मादीपुढं पानावर पोट आपटून ताल धरतो, पण तो तिच्या पायांना कळतो, आपल्या कानांना नाही. मोठे केसाळ कोळी मात्र डिवचले की तोंडाजवळचे राठ केस एकमेकांवर घासून फुत्कारतात. आसामातल्या अशाच एका कोळ्याची नोंद कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या जेम्स वूड-मेसन यांनी १८७० च्या दशकात केली होती. म्हणजे या गोष्टी मी मनानं रचत नाही, हे कुणीतरी मान्य करावं असं मला फार वाटतं.

पण हे सगळं माहीत आहे म्हणून मी माळवदावर बसत नाही. बसायला लागले आणि मग हे माहीत होत गेलं.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी तुम्ही पाहिलेली आहे. पस्तीस वर्षं. आधी डिझेलचं इंजिन, मग मोटार. आम्ही लहान असताना त्या पत्र्याच्या खोलीत बोलणं म्हणजे हातवारेच. संध्याकाळी गिरणी बंद झाली की अण्णा अंग झटकत घरी यायचे, पापण्यांवरसुद्धा पीठ. उन्हाळ्यात आम्ही सगळे माळवदावर झोपायचो. अण्णा वाकळ अंथरायचे, उताणे पडायचे आणि मला म्हणायचे, “गप पड माय, ऐक. अंगावरलं पीठ झटकता येतं. कानातलं हितं झडतंय.” मग बोटानं दाखवायचे: तो विहिरीकडला, तो उकिरड्याजवळचा, हा आपल्या भिंतीतला. एकाचा सूर तुटला की “पाय वाजला कुणाचा तरी” म्हणायचे, आणि खरंच थोड्या वेळानं गल्लीतून कुणीतरी जायचं. आपण “किर्र अंधार” म्हणतो ना, तो शब्द मला पुस्तकात भेटायच्या आधी अण्णांच्या शेजारी पडून भेटला होता.

आता २०१५ चा डिसेंबर. खरीप हातचं गेलं होतं, बोअर कोरडे पडले होते. त्याच दुष्काळात पुढं एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. गारठा मात्र कडक होता. रातकिड्याचं अंग बाहेरच्या हवेबरोबर थंड होतं आणि पंख चालवणारे स्नायू मंदावतात. अमेरिकेतल्या डॉल्बियर नावाच्या शास्त्रज्ञानं तर १८९७ मध्ये रातकिड्याच्या वेगावरून हवेचं तापमान काढायचा हिशेब मांडला होता. तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. एवढंच दिसत होतं की रात्री बाहेर चिटपाखरू बोलत नाही.

त्या दिवशी घरात पाहुणे होते. मावशी, तिची सून, धाकटा चुलता. जेवणं झाली, अण्णा ओसरीवर बाजेवर बसले होते. अचानक म्हणाले, “आज रातकिडे लई ओरडायलेत.” कुणी काही बोललं नाही. पाच मिनिटांनी पुन्हा, “लईच ओरडायलेत.” आठवडाभर ते रोज हेच म्हणत होते. मी शाळेतून दमून आलेली, दुपारी टँकरवर भांडून आलेली. म्हटलं, “अण्णा, बाहेर काही नाही. थंडी आहे.” ते म्हणाले, “तुला ऐकू येईना काय?”

मला राग आला. कशाचा आला ते आजही नीट सांगता येत नाही. ज्या माणसानं मला ऐकायला शिकवलं तोच चुकीचं ऐकतोय, याचा असेल. मी फोन घेऊन अंगणात गेले, दोन मिनिटं आवाज रेकॉर्ड केला, परत आले आणि सगळ्यांसमोर त्यांच्या हातात फोन दिला. “घ्या. ऐका. काही आहे का यात?” त्यांनी फोन कानाला लावला. डोळे मिटले. चांगला मिनिटभर ऐकलं. मग चेहरा उजळला त्यांचा. “हेच की. ह्यातबी ओरडायलेत.”

मावशीची सून फिसकन हसली. आणि मी म्हटलं, “अण्णा, किडे बाहेर नाहीत. तुमच्या डोक्यात झालेत.”

त्यांनी फोन बाजेवर ठेवला. अगदी अलगद, जसं दुसऱ्याचं भांडं ठेवावं तसं. “असंल,” म्हणाले, आणि आत जाऊन झोपले. त्या दिवसानंतर अण्णांच्या तोंडून रातकिड्यांचा विषय निघाला नाही. उन्हाळ्यात माळवदावर झोपायला येणंही बंद झालं. गुडघे दुखतात म्हणाले. मी विश्वास ठेवला, कारण ते सोपं होतं.

२०१९ मध्ये त्यांना लातूरला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. बोलणं कळतं पण अर्धं, “शेंगा” म्हटलं की “काय?” असं व्हायला लागलं होतं. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली आणि डॉक्टरांनी कागद माझ्यापुढं ठेवला. आलेखाची रेघ खालच्या सुरांना सरळ चालली होती. दोन हजार कंपनांच्या पुढं ती दरीत कोसळली, चार हजाराला तळ गाठला, आणि आठ हजाराशी थोडी वर आली. डॉक्टरांनी मला विचारलं, “यांचा धंदा काय?” मी म्हटलं, “गिरणी.” ते म्हणाले, “मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा कान बहुधा इथंच मोडतो. चार हजारापाशी.” मग अण्णांकडं वळून मोठ्यानं विचारलं, “बाबा, कानात आवाज येतो का? किर्र असा, रातकिडे ओरडल्यासारखा? असा कान गेलेल्या पुष्कळांना येतो.”

अण्णांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाले, “न्हाई. तसलं काई न्हाई.”

मी तिथं बोलू शकले असते. येतो आवाज, चार वर्षं तरी येतोय, हे मी सांगायला हवं होतं. पण मग मला कसं माहीत, तेही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले. परतीच्या एसटीत साठ-सत्तर किलोमीटर शेजारी बसूनही गप्प बसले. कानाचं मशीन घेतलं, पंधरा दिवस वापरलं. भांड्यांचा आणि मिक्सरचा आवाज डोक्यात जातो म्हणाले, आणि ते आता ट्रंकेत आहे.

रातकिड्याचा सूर साडेचार-पाच हजाराचा. गिरणीनं नेमकी तीच पट्टी कापून नेली, आणि त्या रिकाम्या जागी त्यांच्या मेंदूनं स्वतःचा एक रातकिडा बसवला. फोनला कान लावल्यावर त्यांनी ऐकलं ते खोटं नव्हतं. तो आवाज त्यांना येतच होता. आणि उन्हाळ्यात खरे रातकिडे अंगणात बोलत तेव्हा ते त्यांना ऐकू येत होते की नव्हते, हे मला कधीच कळणार नाही.

त्या वर्षीपासून मी माळवदावर बसते. रोज अर्धा तास रेकॉर्ड करते, तारीख, हवा, कोणती पिकं उभी आहेत ते वहीत लिहिते. खूप ओळखता यायला लागलंय. पऱ्हाटीतला, म्हणजे कपाशीतला, फिकट हिरवा, काचेसारख्या पंखांचा रातकिडा वेगळा. त्याच्याच कुळातला एक झुडपाच्या पानाला स्वतः भोक पाडतो, त्या भोकात बसून पंख वाजवतो, आणि पान त्याचा आवाज मोठा करतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांना दिसलं की हे प्रामुख्यानं लहान अंगाचे, हलक्या आवाजाचे नर करतात. ते वाचलं त्या रात्री मी बराच वेळ खाली उतरले नाही.

तुमच्यातले काही म्हणतील, मग ग्रामसभेत फवारणीवर का बोललात? हो, २०१७ ला, शेंदरी बोंडअळीच्या वर्षी, मी उभी राहून म्हटलं होतं की औषधानं आपले रातकिडे संपले. चुलतभाऊ म्हणाला होता, “ताई, फवारलं न्हाई तर बोंडात काय राहतंय ते तू सांग.” मला सांगता आलं नव्हतं. तेव्हा माझ्याकडं एकही नोंद नव्हती, नुसती खात्री होती. अण्णांच्या हातात फोन दिला तेव्हाही खात्रीच होती. आज सहा वर्षांच्या वह्या आहेत, पण त्या एका माळवदाच्या. मधल्या काळात ज्वारी जाऊन सोयाबीन आलं, रस्त्यावर पांढरे दिवे आले, विहिरीकडला बांध मोडला. कशानं काय झालं ते माझ्या वहीतून निघत नाही. तरी मला आजही वाटतं की आवाज कमी झालेत. हे वाटणं मी मागं घेत नाही, आणि ते सिद्ध झालंय असंही म्हणत नाही.

आणखी एक आहे. फोनमध्ये आवाजाचं चित्र काढणारं ॲप असतं. गेल्या भाद्रपदात त्यात बारा-तेरा हजारांच्या वर एक ठळक पट्टा दिसत होता. कुठलातरी नाकतोड्याच्या जातीचा किडा, जवळच. मला काही ऐकू येईना. मुलीला वर बोलावलं. ती म्हणाली, “आई, केवढ्यानं ओरडतोय, कडुनिंबात.” वयानं वरचे सूर आधी जातात, हे मला माहीत होतं. मी एकोणपन्नास वर्षांची आहे. मी तिला पट्टा दाखवला नाही, विचारलं नाही “नक्की का?” म्हणून. वहीत तिच्या नावापुढं लिहून घेतलं: कडुनिंब, मोठ्यानं.

अण्णा खाली ओसरीवर असतात. मी उतरले की कधीकधी विचारतात, “हायेत का?” मी सांगते: दोन भिंतीकडं, एक पऱ्हाटीत. ते मान हलवतात. त्यांच्या कानातला अजून आहे का, हे मी विचारलेलं नाही. विचारायचं ठरवून तीनदा शेजारी जाऊन बसले आणि उठून आले.

तर एवढंच करा. मला काय विचारायचं ते विचारा, शाळेत विचारा, रस्त्यात विचारा. पण अण्णांसमोर विचारू नका, आणि विचारलंच तर हसून विचारू नका. परवा पंगतीत ते माझ्या शेजारीच बसले होते.