पौल ‘गप्प राहा’ म्हणतो, मग तुम्ही संदेश कशा देता?

रविवारची उपासना संपते, आशीर्वाद होतो आणि मंडळी दाराकडे निघते. ज्या रविवारी संदेश, म्हणजे प्रवचन, माझा असतो, त्या रविवारी कुणी ना कुणी माझा हात हातात घेऊन थांबतंच. “ताई, संदेश छान झाला. पण एक विचारू? पवित्र शास्त्रात तर बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं लिहिलंय. मग तुम्ही पुलपिटावर कशा?” विचारणाऱ्यांत नुकत्या लग्न होऊन आलेल्या सुना असतात, बायबल कॉलेजातली मुलं असतात, एकदा तर माझे सख्खे मामा होते. दारात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून बसून लिहिते आहे.

दोन वचनं आडवी येतात, दोन्ही नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांतली. करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय १४, वचन ३४: स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावं. आणि इफिस शहरात असलेल्या तीमथ्य या सहकाऱ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय २, वचन १२: स्त्रीनं शिकवावं, पुरुषावर अधिकार चालवावा, याला पौल परवानगी देत नाही. ही वचनं मी झाकून ठेवत नाही. ती शास्त्रात आहेत आणि शास्त्र मला शिरोधार्य आहे. पण गावाकडून पत्र आलं तर आपण त्यातली एकच ओळ वाचून भांडायला उठतो का? आधी सगळं पत्र वाचतो, कुणाला लिहिलंय, काय घडलं म्हणून लिहिलंय ते बघतो. पौलाची पत्रंही पत्रंच आहेत.

करिंथकरांचं पत्र थोडं मागे उलटा. अध्याय ११, वचन ५. तिथे तोच पौल सांगतो, की प्रार्थना करताना किंवा संदेश देताना स्त्रीनं मस्तक झाकावं. आमच्या बाया प्रार्थनेला उठताना डोक्यावर पदर घेतात, त्या हेच वचन सांगतात. बायकांनी तोंडच उघडायचं नसेल, तर बोलताना पदर घ्या हे सांगायचं कारण काय? मग अध्याय १४ सावकाश वाचा. तिथे ‘गप्प राहा’ तिघांना सांगितलंय. वचन २८ मध्ये अन्य भाषेत बोलणाऱ्याला, अर्थ सांगणारा कुणी नसेल तर. वचन ३० मध्ये संदेश देणाऱ्याला, दुसऱ्या कुणाला प्रकटीकरण झालं तर. आणि ३४ मध्ये स्त्रियांना. मूळ ग्रीकमध्ये तिन्हीकडे क्रियापद एकच आहे. पहिल्या दोघांना जन्मभर मुकं राहा असं कुणी सांगत नाही, प्रसंगापुरतं थांबा असा अर्थ सगळे घेतात. तिसऱ्या ठिकाणी मात्र प्रसंग विसरला जातो. पुढच्याच वचनात, काही शिकायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारा, असं आहे. म्हणजे सभा चालू असताना मध्येच प्रश्न विचारण्यावरून गोंधळ होत असावा, असं मला वाटतं.

तीमथ्याच्या पत्रापाशी मी अडखळते, ते लपवत नाही. पौल तिथे आदाम आधी आणि हव्वा नंतर निर्माण झाली, असं कारण देतो. ते फक्त इफिसापुरतं होतं असं म्हणून हात झटकणं मला जमत नाही. पण त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात इफिसातल्या खोट्या शिकवणीची चिंता आहे. बाराव्या वचनाआधी अकरावं वचन आहे, आणि त्यातली आज्ञा अशी, की स्त्रीनं शिकावं. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. ‘अधिकार चालवणे’ यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो सबंध नव्या करारात फक्त इथेच येतो. पौल एरवी अधिकारासाठी वापरतो तो हा नाही, आणि त्याची नेमकी छटा कोणती यावर विद्वान अजून वाद घालतात. ज्यांचं मत माझ्याहून वेगळं आहे, त्यांतले कित्येक देवभिरू आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण एका न उलगडलेल्या शब्दाच्या आधारानं निम्म्या मंडळीचं तोंड बंद करायला माझं मन धजत नाही.

तुम्ही म्हणाल, बाई मूळ शब्दांच्या मागे कशाला लागतात? आपल्याकडे ही वाट एका बाईनंच घालून दिली आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला तिथे राहणाऱ्या मुलीच होत्या. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल संपूर्ण छापून आलं. त्याआधी इंग्लंडमध्ये असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं का, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली होती. रमाबाईंनी लिहून कळवलं, की माझ्या आईनं आणि मी तरुणांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्यानं कधी हरकत घेतली नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, ज्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करला. ख्रिस्ती झाल्यावर आपल्यावर जास्त बंधनं यावीत, हे त्या बाईला पटलं नाही. मलाही पटत नाही.

आता रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढा. नुसती नावंच आहेत म्हणून आपण तो भरभर वाचून टाकतो. पहिलंच नाव फीबीचं. किंख्रियातल्या मंडळीची ती ‘सेविका’, असं आपल्या मराठीत आहे. ग्रीकमध्ये शब्द आहे ‘दियाकोनोस’, आणि पौल हाच शब्द स्वतःला आणि अपुल्लो या उपदेशकाला लावतो. तिथे आपण ‘सेवक’ म्हणतो. मराठीत देवाचा सेवक म्हटलं की हातात बायबल घेतलेला पाळक डोळ्यांपुढे येतो, आणि मंडळीची सेविका म्हटलं की सतरंज्या अंथरणारी, प्रीतिभोजनाला वाढणारी बाई. एका वेलांटीनं माणूस पुलपिटावरून खाली येतो. हे पत्र रोमला घेऊन जाणारी फीबीच असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मग त्यातल्या अवघड जागा कुणी विचारल्या असतील तर पहिल्यांदा कुणी समजावून सांगितल्या असतील?

पुढे प्रिस्का येते, नवऱ्याच्या, अक्विलाच्या, आधी तिचं नाव. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८ मध्ये अपुल्लोसारख्या विद्वानाला या दोघांनी घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. मग युनिया, जिचं नाव प्रेषितांबरोबर घेतलंय. सगळ्या मिळून दहा बाया आहेत त्या अध्यायात.

एका गावी मला संदेशाला बोलावलं आणि ऐन वेळी माईक पुलपिटावरून काढून खाली जमिनीवर ठेवला. “ताई साक्ष देतील,” म्हणजे आपला अनुभव सांगतील, असं सांगितलं, संदेश म्हटलं नाही. मी खालूनच बोलले, कारण लोक ऐकायला बसले होते. घरी येताना बसमध्ये मला रडू आलं. त्या आठवड्यात महिला सभेत मी दुसरं काही न घेता हाच अध्याय घेतला. मरीया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, या चौघींबद्दल पौल म्हणतो, की त्यांनी श्रम केले. मी सांगितलं, हाच शब्द पौल स्वतःच्या सेवेसाठी वापरतो, आणि थेस्सलनीकेच्या मंडळीत जे पुढारी आहेत त्यांच्यासाठीही.

कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या. चाळीस वर्षं मंडळीच्या घरोघरी जाऊन आजाऱ्यांपाशी प्रार्थना करणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. त्यांनी विचारलं, “ती शेवटची कोण गं?”

“पर्सिस, आजी.”

“तिचं परत वाच.”

मी परत वाचलं.